दादा येतो तेव्हा बाकीचे कुठं बघतात

पडद्यावरच्या गुंडानं पिस्तूल काढलं की प्रेक्षक सावरून बसतो, पण त्याला भीती वाटतेच असं नाही. तोच गुंड चहाच्या टपरीवर येतो, अनोळखी माणसाच्या हातातला कप काढून घेऊन एक घोट पितो आणि कप परत देतो. ज्याचा कप होता तो माणूस कसंनुसं हसतो, टपरीवाला स्टोव्हकडे बघू लागतो, बाकावरचे दोघे उठून जातात. इथं मात्र पोटात खड्डा पडतो. कुणाला लागलेलं नाही, गुन्हाही नोंदवता येणार नाही, पण त्या चौकात यापुढं कोणाचं चालणार हे सगळ्यांना कळलेलं असतं. गुन्हेगारी नाट्यातला खलनायक साध्या माणसांना चारचौघांत कसा धाकात ठेवतो, याचा विचार करायचा तर गोळीबाराची दृश्यं बाजूला ठेवून अशी लहान दृश्यं तपासायला हवीत.

हा विचार चिकलठाण्यातून करण्याला कारण आहे. औद्योगिक वसाहतीत प्रोझोन मॉल झाला तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरचं सिनेमा बघणं जालना रोडवर सरकलं. अंजली, सादिया, अंबा-अप्सरा या जुन्या थिएटरांत ज्यांच्या बापांनी अमजद खानला पाहिलं, ती मुलं आता मॉलमध्ये तिकीट काढतात. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळही याच मॉलमधल्या पडद्यांवर झाले. खेळ संपवून बाहेर पडलं की शिफ्ट सुटलेले कामगार, कंपन्यांच्या बस, हातगाड्या, रिक्षा आणि पलीकडं चिकलठाण्याचं जुनं गाव, त्याचा आठवडी बाजार. या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी ‘हप्ता’ आणि ‘दमदाटी’ हे शब्द सिनेमात ऐकण्याआधी कामावर ऐकलेले असतात. खलनायकाचे कपडे किंवा संवाद त्यांना फसवू शकत नाहीत. तो भाजीवालीच्या टोपल्यासमोर कसा उभा राहतो, यावरून खरा-खोटा त्यांना लगेच कळतो.

आपल्याकडं या विषयाची तीन वेगवेगळी रूपं एकाच वर्षी पडद्यावर आली, ते वर्ष १९७५. ‘शोले’मधला अमजद खानचा गब्बर गावाबाहेरचा आहे. तो धाड घालतो, धान्य मागतो आणि निघून जातो. त्याची दहशत मोठी, पण ती दूरची. ‘दीवार’मध्ये मुंबईच्या गोदीत हमालांच्या मजुरीतून आठवड्याचा हप्ता कापला जातो. पैसे द्यायला नकार देणाऱ्या एका हमालाचा जीव जातो आणि बाकीचे पुन्हा रांगेत उभे राहतात. अमिताभ बच्चनची गोदामातली मारामारी लोकांच्या ध्यानात राहिली. मला मात्र ती रांग अधिक महत्त्वाची वाटते, कारण हप्त्याचा धंदा चालतो तो त्या रांगेमुळं.

तिसरं रूप आपल्या मातीतलं आहे आणि माझ्या मते सगळ्यांत खोल आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील कुणावर हात उगारत फिरत नाही. साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं आदरातिथ्यही तोच करतो. निळू फुल्यांनी हा माणूस जवळजवळ कुजबुजत्या आवाजात उभा केला. शब्द सावकाश सोडायचे, मध्ये थांबायचं, समोरच्याकडं न बघता त्याला बसायला सांगायचं. डॉ. श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर गावात येतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं ते विचारत सुटतो. गावाला उत्तर माहीत असतं. पाराजवळची माणसं, घरांतल्या बायका, कारखान्यातली मंडळी सगळी एकसारखीच गप्प. तेंडुलकरांनी धमकीचा संवाद लिहिलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. मास्तरनं विचारलं की माणसं विषय बदलतात, आणि तेवढ्यानं हिंदुरावची ताकद मोजता येते. निळूभाऊ स्वतः राष्ट्र सेवा दलात वाढलेले, चळवळींना वेळ आणि पैसा देणारे गृहस्थ. तरी गावोगावच्या बायका त्यांना खरोखरचा पाटील समजून नाक मुरडत. ग्रामीण महाराष्ट्रानं तो आवाज आधी ऐकलेला होता, म्हणून ही ओळख इतकी पक्की पटली.

सहकारी कारखान्याच्या पाटलाकडून शहरातल्या दादाकडं जायला मराठी माणसांच्या सिनेमाला आठ वर्षं लागली, आणि हा पूलही बऱ्याच अंशी तेंडुलकरांनीच बांधला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ केला, त्याची पटकथा तेंडुलकरांची. रामा शेट्टीच्या भूमिकेत अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर. मराठी रंगभूमीबाहेर हा चेहरा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, त्याचा सिनेमाला फार उपयोग झाला. ओळखीच्या खलनायकाची आपल्याला सवय झालेली असते. रामा शेट्टी शेजारच्या गल्लीतला कुणीही वाटला.

फौजदार अनंत वेलणकर त्याला पकडायला येतो ते दृश्य पुन्हा बघण्यासारखं आहे. शेट्टी उठत नाही, आवाजही चढवत नाही. तो एक फोन लावतो, दोन वाक्यं बोलतो आणि रिसीव्हर वेलणकरच्या हातात देतो. पलीकडून वरिष्ठांचा हुकूम येतो आणि वेलणकर झालेल्या ओम पुरींच्या चेहऱ्यावरची सगळी हवा निघून जाते. खोलीतली शेट्टीची माणसं हे बघत असतात. आपल्या माणसांसमोर वर्दीला खाली मान घालून बाहेर जायला लावणं, एवढंच शेट्टीला हवं असतं. उद्या ही गोष्ट मोहल्लाभर होणार आणि मग कुणी तक्रार द्यायला चौकीत जाणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. पुढं तो महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो तेही याच हिशोबानं. ज्याच्या विरोधात कुणी बोलत नाही तो बिनविरोध वाटू लागतो. अमरापूरकरांना त्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नंतरच्या हिंदी सिनेमानं त्यांना जोरजोरात हसायला आणि डोळे फिरवायला लावलं, तेव्हा त्यांची दहशत निम्म्यानं कमी झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

‘अर्धसत्य’मध्ये जे खोलीत घडतं ते एन. चंद्रांनी १९८७ मध्ये भर रस्त्यात आणलं. ‘प्रतिघात’ तेलुगू ‘प्रतिघटना’वरून आला, पण चंद्रा मुंबईच्या मराठी वस्तीत वाढलेले, आणि चौकातली गर्दी कशी वागते हे त्यांना आतून माहीत होतं. काली प्रसाद दिवसाढवळ्या एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याचा खून करतो. बघणारे शंभर, जबाब देणारी एकटी, कॉलेजात शिकवणारी लक्ष्मी. मग तिला गप्प करण्याचे प्रकार सुरू होतात. वर्गात फळ्यावर तिचं अश्लील चित्र काढलं जातं, घरच्यांना धाक घातला जातो, आणि शेवटी तिच्याच दारासमोर, सगळ्या गल्लीच्या देखत, तिला विवस्त्र केलं जातं. चंद्रांचा कॅमेरा या वेळी शेजाऱ्यांकडं वळतो. खिडक्या बंद होतात. ज्यांनी तिच्या घरचा चहा प्यायला आहे ते लोक भिंतीला टेकतात. नाना पाटेकरांनी केलेला वेडा झालेला माजी हवालदार हा त्या गल्लीतला एकटाच मोकळेपणानं बोलणारा माणूस आहे, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. हा सिनेमा ओबडधोबड आहे, शेवटी कुऱ्हाडीचा न्याय आहे, भाषणं आहेत. तरीही सार्वजनिक दहशतीचा नियम त्यात स्पष्ट दिसतो. खलनायक मारतो एकाला आणि शिकवतो शंभरांना. त्या शंभरांनी धडा घेतला नाही तर त्याची सगळी मेहनत वाया जाते.

पुढची दोन-तीन वर्षं लवकर उरकतो. ‘परिंदा’मध्ये कबुतरखान्यापाशी भरदिवसा खून पडतो. गर्दीच्या जागी केलेला खून हा गर्दीसाठीच केलेला असतो, हे विधू विनोद चोप्रांनी नीट ओळखलं. त्यातला नानांचा अण्णा घरात आगीला घाबरतो आणि बाहेर सगळे त्याला घाबरतात.

नव्वदीच्या शेवटी काहीतरी बदललं आणि हा बदल मला खटकतो. १९९८ च्या ‘सत्या’त सुरुवातीला साधा माणूस आहे. बारमध्ये काम करणाऱ्या पोराच्या तोंडावर दारू फेकली जाते, हप्ता मागायला लोक येतात. पण अर्ध्या तासात आपण पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो आणि मनोज वाजपेयींच्या भिकू म्हात्रेवर प्रेम करू लागतो. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचं लेखन इतकं जिवंत आहे की त्याला दोष देववत नाही. फक्त भिकूच्या माणसांनी कुणाला धाकात ठेवलं होतं त्यांचे चेहरे आपण विसरलो. थिएटरातल्या चेंगराचेंगरीत सामान्य प्रेक्षक मरतात, त्या दृश्यात क्षणभर ते परत दिसतात आणि लगेच नाहीसे होतात. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये महेश मांजरेकरांनी गोष्ट पावभाजीच्या गाडीवर सुरू केली. चार मित्रांनी पै पै जमवून लावलेली गाडी, त्यावर दादागिरी करत खाणारी फ्रॅक्चर बंड्याची माणसं. फुकट खाणारा गुंड हे शहरातल्या दहशतीचं सगळ्यांत ओळखीचं चित्र आहे, आणि चिकलठाण्यात कंपनीबाहेर गाडी लावणाऱ्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही. मात्र त्यानंतर त्या मित्रांपैकी रघू स्वतःच तसा होतो आणि गाडीवाला म्हणून त्याच्याकडं कॅमेरा परत जात नाही. त्याच सुमाराच्या ‘गुलाम’मध्ये शेवटी वस्तीच रॉनी या दादाच्या विरोधात उभी राहते. ती कल्पना १९५४ च्या अमेरिकन ‘ऑन द वॉटरफ्रंट’मधून आलेली, तिथंही गोदी कामगारांनी ‘काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही’ असं म्हणायचा नियमच करून टाकला होता.

बाहेरच्या सिनेमानं हेच काम किती थोडक्यात केलं त्याचे दोन नमुने. मार्टिन स्कॉर्सेसींच्या १९९० च्या ‘गुडफेलाज’मध्ये हॉटेलात मंडळी हसत-खेळत असताना जो पेशीचा टॉमी एकाएकी विचारतो की त्याच्यात गमतीदार असं काय आहे. टेबलावरचं हसू एका सेकंदात आटतं. तो गंमत करतोय की नाही हे कुणाला सांगता येत नाही, आणि तीच त्याची सत्ता. २००७ च्या कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मध्ये अँटन शिगुर पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराला नाणं उडवून छापा की काटा ते बोलायला लावतो. कशावर पैज लावायची ते सांगत नाही. म्हाताऱ्याला आपण कशात सापडलोय ते नीटसं कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. रोजच्या व्यवहाराचे शब्द, काजूची पुडी, हवापाण्याच्या गप्पा हेच हत्यार झालेलं. आपल्याकडच्या लेखकांना हे जमत नाही असं मुळीच नाही, ‘सामना’ त्याच्या बत्तीस वर्षं आधीचा आहे.

मालिकांनी दुसरी वाट धरली. ‘लागिरं झालं जी’मधला भैय्यासाहेब हा उघड दादागिरी करणारा गावगुंड. किरण गायकवाडांनी तो केला आणि मग २०२० मध्ये ‘देवमाणूस’मधला डॉक्टर केला, जो गावात सगळ्यांचा लाडका असतो आणि कुणालाही उघडपणे धमकावत नाही. एकाच नटानं केलेली ही दोन माणसं शेजारी ठेवली की दिसतं, चारचौघांत दरारा दाखवणाऱ्यापेक्षा चारचौघांत नमस्कार घेणारा अधिक काळ टिकतो. वेब मालिकांत मात्र पुन्हा गोंगाट वाढला. ‘मिर्झापूर’ची सुरुवात वरातीत नाचता-नाचता मुन्ना नावाच्या गुंडानं नवरदेवाला गोळी घालण्यानं होते. ते दृश्य भीषण आहे, कारण वरातीतल्या पाहुण्यांना काय करावं तेच सुचत नाही. पण पुढच्या भागांमध्ये मुन्नाचे संवाद स्टेटसला ठेवायचे झाले आणि नवरदेवाचं घर मागं पडलं.

‘मुळशी पॅटर्न’ २०१८ चा. प्रवीण तरडेंच्या या सिनेमाला मी या सगळ्या यादीत वेगळं काढतो, कारण दहशतीच्या मुळाशी जमीन आहे हे त्यानं सांगितलं. जमीन विकून आलेला पैसा उडाला, बाप दुसऱ्याच्या दारात राखणदार झाला, मार्केट यार्डात हमाली आली आणि पोरानं, राहुलनं, कोयता हातात घेतला. मोहन जोशींचा बाप पडद्यावर असेपर्यंत सिनेमा सच्चा आहे. चिकलठाण्याची शेती एमआयडीसीत आणि विमानतळात गेली, शेंद्र्याकडची पुढच्या टप्प्यात गेली. मोबदल्याचा पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे इथल्या प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. मात्र त्या सिनेमातून रस्त्यावर उतरलं ते राहुलचं चालणं आणि त्याची गाणी, बापाची लाज उतरली नाही. यात दोष कुणाचा हे ठरवणं कठीण आहे. तरीही मला वाटतं, राहुल ज्या दुकानदारांकडून पैसे उकळतो त्यांच्यापैकी एकाला जरी तरडेंनी घर, बायको, वहीखातं दिलं असतं तर सिनेमा आणखी वरच्या पायरीवर गेला असता.

कारण रस्ता आता पडद्याच्या पुढं गेला आहे. तलवारीनं केक कापायचा आणि त्याचं रील टाकायचं, रात्री गल्लीत कोयते घेऊन फिरत उभ्या गाड्यांच्या काचा फोडायच्या, हे प्रकार पुण्यापासून संभाजीनगरपर्यंत पोलिसांच्या कारवाईत वारंवार दिसले. जुन्या दादाला हप्ता हवा असायचा, म्हणून त्याला दुकान चालू राहायला हवं असे. त्याच्या दहशतीला हिशोब होता. काचा फोडणाऱ्या पोराला त्या गाडीवाल्याकडून काहीच नको असतं. सकाळी कामावर जायला निघालेला रिक्षावाला फुटक्या काचेसमोर उभा राहतो आणि आपण कुणाचं काय वाकडं केलं हे त्याला कधीच कळत नाही. या बिनकारण भीतीचा खलनायक मराठी पडद्यावर अजून नीट आलेला नाही. पोलीसही मग उत्तर म्हणून अशा मुलांना त्याच गल्लीतून हात बांधून फिरवतात. लोक टाळ्या वाजवतात, मोबाइल काढतात. तीच गल्ली, तेच बघे, फक्त कुणाची मान खाली हे बदललं. मला ही धिंड पटत नाही. भीती पुसायची असेल तर खटला चालून शिक्षा व्हायला हवी.

लोकांच्या सहनशक्तीचा शेवट कसा होतो याची महाराष्ट्रातली सर्वांत भयंकर नोंद नागपूरची आहे. कस्तुरबा नगरात अक्कू यादवनं वर्षानुवर्षं घराघरांत शिरून, बायकांवर अत्याचार करून, भर वस्तीत मारहाण करून राज्य केलं. तक्रारी झाल्या, तो सुटत राहिला. १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयाच्या आवारात वस्तीतल्या बायकांचा जमाव तिखट आणि सुऱ्या घेऊन घुसला आणि तो तिथंच मारला गेला. २०१४ मध्ये न्यायालयानं पुराव्याअभावी आरोपींना सोडलं. या घटनेवरून २०२१ मध्ये सार्थक दासगुप्तांनी ‘२०० हल्ला हो’ केला, अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू त्यात आहेत. त्याची सुरुवातच हल्ल्यानं होते, त्याआधीची वर्षं तुकड्यांनी कळतात. माझी ओढ नेमकी त्या वर्षांकडं आहे. नळावर पाणी भरताना त्या बायका एकमेकींशी काय बोलत असतील, पोरींना शाळेत कोणत्या वाटेनं पाठवत असतील, कोण कुणाशी बोलायचं बंद झालं असेल? पुण्यात १७९१ साली घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं, आणि तेंडुलकरांनी १९७२ च्या नाटकात त्या शेवटाइतकंच लक्ष कोतवालीच्या परवान्यांवर, रात्री अडवणाऱ्या पहाऱ्यांवर दिलं होतं. दहशत त्या रोजच्या अडवणुकीत राहते, आणि नाटककारानं तिला तिथंच पकडलं.

आपल्या कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षं तडीपार करता येतं, आणि त्यातल्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीनं साक्षीदार उघडपणे पुढं येऊन साक्ष द्यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मत व्हायला हवं. पुढं १९८१ चा झोपडपट्टी दादांना स्थानबद्ध करण्याचा कायदा आला, १९९९ चा मोक्का आला, राज्याचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा. तडीपारीच्या प्रस्तावात पोलीस गोपनीय जबाब जोडतात. नावं नसतात, फक्त साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. या दोन अक्षरांमागं बहुधा कुणी भाजीवाला असतो, कुणी किराणा दुकानदार, कुणी कंपनीत ठेकेदाराकडं काम करणारा. त्यानं एका बंद खोलीत काय सांगितलं हे फाइलमध्ये राहतं. ते सांगायला जाण्याआधी घरी काय बोलणं झालं, परत आल्यावर शेजाऱ्याला काय कारण दिलं, आणि दोन वर्षं संपून तडीपार माणूस त्याच गल्लीत परतला त्या आठवड्यात दुकान किती वाजता उघडलं, हे कुठंच लिहिलं जात नाही.

चैतन्य ताम्हाणे यांनी २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये पोलिसांचा ठरलेला साक्षीदार दाखवला, तोच तो माणूस प्रत्येक खटल्यात उभा राहणारा. खऱ्या साक्षीदाराचा सिनेमा अजून बाकी आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून लिहिणारी, बसवणारी मुलं दरवर्षी बाहेर पडतात, मराठवाड्याची बोली त्यांच्या जिभेवर असते, आणि ब्रिजवाडी, मुकुंदवाडी, चिकलठाणा इथं त्यांच्यातल्या अनेकांच्या खोल्या असतात. खलनायकासाठी त्यांना नट सहज मिळेल. साक्षीदार ‘अ’साठी मात्र त्यांना आठवडी बाजारात आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर बराच वेळ उभं राहावं लागेल, माणसांशी बोलावं लागेल, आणि जे बोलायचं टाळतात त्यांच्यापाशी जास्त थांबावं लागेल. मला तो सिनेमा प्रोझोनच्या पडद्यावर लागलेला बघायचा आहे, आणि रात्रपाळी करून आलेल्यांना परवडेल अशा सकाळच्या खेळाला.